सोमनाथ आला की नेट येतं

देवगाव रंगारीच्या सोमनाथ दापकेला शहरात नोकरी लागली, तेव्हा ती नेमकी कसली हे गावात कोणालाच कळलं नव्हतं. कोणी विचारलं की त्याची माय मनकर्णाबाई सांगायची, "वायरीत हाय." वडील सांडू दापके तेवढंही बोलत नसत. "शहरात हाय," म्हणून विषय मिटवत. मायला त्या वायरींचा फार धसका होता. सोमनाथ दर फोनला समजावून सांगायचा, की माय, आमच्या वायरीत करंट नसतो, नुसतं इंटरनेट असतं. त्यावर ती म्हणायची, "जे असंल ते असू दे. ओल्या हातानं लावू नको."

सोमनाथ एका पतसंस्थेत होता. मुख्य कार्यालय क्रांती चौकाजवळ, बाकी शाखा शहरभर आणि तालुक्यांतून पसरलेल्या. या सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले ठेवायचे, एवढंच काम. ऐकायला एवढंच. पण कॉम्प्युटर ऐकायचे आणि माणसं ऐकायची नाहीत. एका शाखेतल्या मॅनेजरनं राउटर चोरीला जाऊ नये म्हणून तो रोज संध्याकाळी तिजोरीत ठेवायला सुरुवात केली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे; त्यातला एक जण लग्नाला गेला, आणि शाखेचं नेट तो परत येईपर्यंत कुलपात राहिलं. दुसऱ्या एका शाखेत लिफ्ट बंद पडली तरी सोमनाथला फोन यायचा. का, तर लिफ्टलाही बटणं असतात.

त्यात मुख्य कार्यालयातल्या शंतनू साहेबांनी नवा नियम काढला. नेट बंद पडलं तर तक्रार फोनवर नाही, ऑनलाईन करायची. नेट बंद असताना ऑनलाईन तक्रार कशी करायची, हे सोमनाथनं फार नम्रपणे विचारलं. शंतनू साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "नेट सुरू झाल्यावर करायची." त्यामुळं झालं असं, की ज्या शाखेचं नेट दिवसभर बंद, तिच्या नावावर एकही तक्रार नाही. महिन्याच्या बैठकीत अशा शाखांचं कौतुक व्हायचं.

सगळ्यात जास्त कौतुक पडेगाव शाखेचं झालं, कारण तिथलं नेट सगळ्यात जास्त जायचं.

पडेगावचे मॅनेजर व्यंकटराव पाठक निवृत्तीला आलेले गृहस्थ, स्वभावानं सज्जन, आवाज नेहमी माफी मागितल्यासारखा. कॅशवर भानुमतीबाई होत्या. कॉम्प्युटरशी त्या शेजारणीशी बोलावं तशा बोलायच्या, आणि नेट गेलं की त्यांचा हात आपोआप फोनकडे जाऊन सोमनाथचा नंबर लावायचा. तिसरा शिपाई रामकिसन. शाखेच्या मागच्या अंगाला रेकॉर्ड रूम होती. तिच्यात जुन्या फायली, मोडकी खुर्ची आणि भिंतीवरच्या पेटीत सोमनाथची सगळी यंत्रं.

दुखणं विचित्र होतं. भानुमतीबाईंचा फोन यायचा, "अरे सोमनाथ, गेलं बघ." सोमनाथ गाडीला किक मारून पडेगावला पोहोचायचा, रेकॉर्ड रूममध्ये जाऊन लॅपटॉप जोडायचा, आणि बघतो तर नेट झकास चालू. तासभर बसून राहायचा, काही नाही. क्रांती चौकापर्यंत परत पोहोचला की फोन, "गेलं बघ." त्यानं राउटर बदलला. स्विच बदलला. वायरीची टोकं नव्यानं बसवली. लाईन देणाऱ्या कंपनीची माणसं येऊन बघून गेली आणि म्हणाली, आमच्याकडून सगळं ठीक आहे, दोष तुमच्यातच आहे.

हळूहळू शाखेच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती रामकिसननं एकदा सोमनाथच्या तोंडावरच बोलून दाखवली.

"दापके साहेब, एक सांगू? तुम्ही काही करतच नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पेटी उघडायच्या आधीच येतं. तुमची गाडी फाटकात दिसली न दिसली, की नेट येतं. तुमच्या पायगुणानं येतं."

सोमनाथ हसला, पण दोनदा त्यानंही घड्याळ लावून पाहिलं आणि त्याचं हसू कमी झालं. पुढच्या खेपेला तर व्यंकटरावांनी त्याला बाजूला घेतलं आणि अंग चोरून म्हणाले, "सोमनाथ, मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण तुम्ही उद्या दिवसभर नुसते इथं बसाल का?"

सोमनाथ बसला. मोडक्या खुर्चीवर, फायलींच्या ढिगाऱ्यात, दिवसभर. रामकिसननं त्याला दोनदा चहा आणि एकदा केळी दिली. नेट एका क्षणालाही हललं नाही. संध्याकाळी तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भानुमतीबाईंचा फोन आला. घरी त्यानं बायकोला, सुरेखाला, हे सगळं सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत म्हणाली, "इथं घरी तर तुम्ही असताना बी टीव्ही लागत नाही." तो रात्रभर त्या पेटीचाच विचार करत राहिला. आपल्याला येतं ते काम नव्हेच, आपण नुसते ताईत आहोत, ही भावना काही चांगली नसते.

व्यंकटरावांनी मुख्य कार्यालयाकडे सोमनाथला कायमचा पडेगावला द्या म्हणून मागणी केली. उत्तर आलं, की तुमच्या शाखेची एकही तक्रार नोंदलेली नाही, तेव्हा गरज दिसत नाही.

आणि त्यानंतर एकदम फोन यायचेच बंद झाले. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. सोमनाथला आधी हायसं वाटलं, मग चुटपुट लागली. पण स्वतः होऊन फोन करून "नेट का गेलं नाही" असं कोणी विचारतं का? छावणीच्या शाखेत त्याच आठवड्यात काम निघालं आणि पडेगाव त्याच्या डोक्यातून गेलं.

तिथं काय झालं होतं, ते त्याला बरंच नंतर कळलं. रामकिसननं पतसंस्थेच्या वर्धापनदिनाच्या फोटोतून सोमनाथचं तोंड वेगळं काढून घेतलं, स्टुडिओतून मोठं करून आणलं, फ्रेम केली आणि रेकॉर्ड रूममध्ये पेटीच्या बरोबर वर टांगली. माणूस मिळत नाही तर निदान फोटो. पहिल्या दिवशी त्यानं झेंडूचा हार घातला, पण पाकळ्या यंत्रांत गळायला लागल्या. म्हणून मग त्यानं बाजारातून चंदनाचा हार आणला, जो सुकत नाही आणि गळत नाही. तो हार कुठल्या फोटोला घालतात, हे रामकिसनला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढं यंत्रं होती. भानुमतीबाईंचं म्हणणं पडलं, की कॅशच्या खिडकीतून आपल्याला फोटो दिसला पाहिजे, नजर पडली पाहिजे. म्हणून रेकॉर्ड रूमचं एरवी बंद असणारं दार सताड उघडं ठेवायला लागले. सकाळी उदबत्ती लागायची. आणि नेट अखंड चालू राहिलं. व्यंकटराव त्या बाजूला बघायचं टाळत होते, पण फोटो काढा असंही म्हणाले नाहीत.

अशा वेळी दगडाबाई तिथं आल्या. दगडाबाई देवगावच्याच, सोमनाथच्या वडिलांची चुलतबहीण. पडेगावात दिलेल्या लेकीकडे त्या आल्या होत्या आणि लेकीबरोबर पतसंस्थेत आल्या. लेक खिडकीशी उभी राहिली, दगडाबाई बाकावर टेकल्या, आणि समोर उघड्या दारातून त्यांना चंदनाच्या हारातला, उदबत्तीच्या धुरातला सोमनाथ दिसला.

त्या उठून तिथवर गेल्या. रामकिसन तिथंच फडकं मारत होता.

"आगं माय," दगडाबाईंनी तोंडाला पदर लावला. "कधी झालं हे?"

पडेगाव शाखेत येणारा प्रत्येक माणूस नेटचीच चौकशी करायचा, त्यामुळं रामकिसनला त्यात नवल वाटलं नाही. "मागच्या सोमवारी," तो म्हणाला.

"असं अचानक?"

"अचानक कुठं मावशी, दोन महिने नुसते हाल चालले होते. गेलं-आलं, गेलं-आलं. सकाळी गेलं की वाटायचं, आता काही येत नाय. दुपारी परत यायचं."

"मंग कोणाला दाखवलं नाय?"

"दाखवलं ना. मोठी मोठी माणसं बघून गेली. म्हणली, आमच्या हातात काही नाय."

"अन् शेवटी?"

"शेवटी काय, हा फोटो लावला. तवापासून सगळं शांत हाय बघा."

दगडाबाईंनी फोटोला हात जोडले आणि बाहेर येऊन थेट देवगावला फोन लावला.

सोमनाथ तेव्हा छावणीच्या शाखेत टेबलाखाली बसला होता. लाईन देणाऱ्या कंपनीला त्यानं फोन लावला होता आणि कंपनीनं त्याला गाण्यावर लावून ठेवलं होतं. अधूनमधून एक बाई सांगायची, की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मध्येच पडद्यावर "माय" असं नाव चमकायला लागलं. हा कॉल उचलला तर तिकडचा नंबर जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून रांग. अशी काय मरणाची घाई असणार, म्हणून त्यानं तो कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. मग आबांचा, म्हणजे वडिलांचा, आला. आबा कधी फोन करत नाहीत, चुकून लागला असेल, म्हणून तोही कट केला.

देवगावात याचा अर्थ वेगळा निघाला. "फोन कोणीतरी कापतंय," सांडू दापके म्हणाले. "पोलिसांपाशी असंल." मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, "मी सांगत व्हते, वायरीला हात लावू नको." मग कोणीतरी सुरेखाला फोन लावला. पलीकडे रडण्याचा कल्लोळ ऐकून सुरेखा गोंधळली. "अहो, काय बोलताय तुम्ही? आत्ता सकाळी तर डबा घेऊन गेले."

फोन करणाऱ्यानं मान हलवली आणि बाकीच्यांना सांगितलं, "तिला अजून पटंना. डबा घेऊन गेले म्हणती बिचारी."

टेम्पो निघाला. त्यात माय, आबा, भावकीतली दहा-बारा माणसं आणि सोमनाथचा चुलतभाऊ कृष्णा. कृष्णा हा भारी तातडीचा माणूस. पुढं शहरात न्हावी कुठं शोधायचा, म्हणून तो टेम्पो सुटायच्या आधीच गावातून डोकं भादरून आला होता.

वेरूळचा घाट, मग दौलताबाद, असं करत टेम्पो पडेगावात आधी पतसंस्थेसमोरच थांबला. सांडू दापके आत गेले आणि व्यंकटरावांच्या टेबलाला धरून उभे राहिले.

"मी सोमनाथचा बाप. कुठं ठेवलंय त्याला?"

व्यंकटरावांचा चेहरा पडला. फोटोची गोष्ट घरच्यांपर्यंत पोहोचली, असं त्यांना वाटलं. "आत," ते पुटपुटले, "रेकॉर्ड रूममध्ये."

बायका आत गेल्या आणि एकच आकांत उठला. व्यंकटरावांनी घाबरून विचारलं, काय झालं, तर कृष्णा म्हणाला, "आता काय व्हायचं राहिलंय? माझा भाऊ गेला." त्या तुळतुळीत डोक्याकडे बघून व्यंकटरावांना शंकेला जागाच राहिली नाही. गावाकडची सख्खी माणसं सांगतायत म्हणजे खरंच असणार. तेही उपरण्यात तोंड लपवून रडायला लागले. माणसं पडेगावच्या भरवशावर आली होती आणि पडेगावनं माणसांवर भरवसा ठेवला. सोमनाथ दापके आता दोन्ही बाजूंनी पक्का मेला होता.

पण पतसंस्थेत रडारड ऐकू आली की ठेवीदारांना एकच शंका येते. पाच मिनिटांत फाटकाशी गर्दी जमली. कोणी म्हणालं, संस्था बुडाली, मॅनेजर आत रडतोय. व्यंकटराव उठले, गावाकडच्या सगळ्यांना रेकॉर्ड रूममध्ये घेतलं आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं.

त्याच क्षणी नेट गेलं.

भानुमतीबाईंचे डोळे रडून लाल झालेले, खिडकीसमोर माणसांची झुंबड, आणि पडद्यावरचा गोल नुसता फिरतोय. त्यांचा हात सवयीनं फोनवर गेला आणि सवयीचाच नंबर लावला. छावणीत कंपनीचं गाणं तेवढ्यातच तुटलं होतं.

"बोला मॅडम."

"अरे सोमनाथ, गेलं बघ."

"आलोच," सोमनाथ म्हणाला आणि फोन ठेवला.

भानुमतीबाईंनीही ठेवला, समोरच्या माणसाला म्हणाल्या, "येतोय तो," आणि मग कोणाशी बोललो ते आठवून त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

छावणी ते पडेगाव काही लांब नाही. सोमनाथ फाटकात पोहोचला तर ही गर्दी. एका ओळखीच्या ठेवीदारानं त्याचं हँडलच धरलं, "क्या भाई, तुम्हारी संस्था बैठ गई बोल रहे. सच्ची क्या?" "नेट बैठा है चाचा, संस्था नहीं," म्हणत सोमनाथ आत घुसला. त्याला बघून रामकिसननं हातातली पाण्याची कळशी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी स्वतःही बसला. आज नेट आलं नाही याचं सोमनाथलाच वाईट वाटत होतं. पायगुण संपला म्हणायचा.

रेकॉर्ड रूमचं दार बंद होतं. त्यानं हात लावला आणि आतून आबांचा आवाज आला.

आबा एवढं सलग बोलताना त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. "साहेब, विहिरीवरची मोटार त्यानं मोबाईलवर चालू व्हायची करून दिली. म्या त्याला म्हणलं, काय गरज व्हती, आमचे पाय मोडले का? अन् तो गेल्यावर साऱ्या गावाला बोलावून बोलावून दाखवली. लोकं म्हणले, पोरगं हुशार निघालं. म्या त्याला कधी सांगितलं नाय. म्हणलं, डोक्यात जाईल."

सोमनाथ तसाच उभा राहिला. कोणीतरी वारल्यासारखा आबांचा सूर आणि विषय मात्र आपला, या दोन गोष्टींची त्याला जोड लागेना. पण दार उघडलं तर आबा बोलायचे थांबतील, एवढं त्याला नक्की माहीत होतं. आबा पुढं त्याच्या शाळेचं सांगत होते, त्याच्या चपलेचं सांगत होते. मग ते थांबले आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला, तेव्हा त्यानं दार ढकललं.

आत गावाकडची सगळी माणसं जमिनीवर बसलेली. व्यंकटराव उपरण्यानं डोळे पुसतायत. आणि भिंतीवर, चंदनाच्या हारात, तो स्वतः.

बाहेरून भानुमतीबाईंचा आवाज आला, "आलं! आलं!"

कृष्णा भीतीनं मागं सरकला, त्याची पाठ दाराला लागली आणि दार बंद झालं.

"गेलं!" बाहेरून आवाज.

मनकर्णाबाई किंचाळत उठली आणि तिनं लेकाचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले. "सोम्या! कुठं लागला रे करंट? कुठं लागला?"

"नाय लागला माय. कुठंच नाय," सोमनाथ म्हणाला, पण त्याचं लक्ष आता मायकडे नव्हतं. तो दाराकडे बघत होता. "कृष्णा, दार उघड."

"आलं!"

"लाव."

"गेलं!"

सोमनाथ मायच्या मिठीतून सुटला आणि उंबऱ्याशी पालथा झोपला.

"पडला!" मनकर्णाबाईनं हंबरडा फोडला. "परत पडला!"

पडला नव्हता. दाराचं खालचं बिजागर निखळून दार खाली झुकलं होतं. उंबऱ्याच्या कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून आत येणारी वायर दार लागलं की चिमटली जायची, उघडलं की सुटायची. सोमनाथ फाटकात दिसला की रामकिसन धावत जाऊन त्याच्यासाठी हे दार उघडायचा आणि आतला पंखा लावायचा. पायगुण होता तो दाराचा. जिथं उजेड होता तिथली सगळी वायर सोमनाथनं तपासली होती, फक्त पायाखालची सोडून.

रामकिसननं शिडी आणली आणि सोमनाथनं नवी वायर दारावरून ओढून घेतली. दार लावलं, उघडलं, लावलं. बाहेरून कोणी काही ओरडलं नाही. व्यंकटराव म्हणाले, "म्हणजे फोटोचा काहीच संबंध नव्हता?"

"दार उघडं होतं ना साहेब, म्हणून चालत होतं."

"पण दार उघडं होतं ते फोटोमुळंच ना?"

हा वाद मनकर्णाबाईनं मिटवला. तिनं फ्रेम खाली घेतली, चंदनाचा हार काढून रामकिसनच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "हा तुझ्या सायेबाला घाल." व्यंकटराव चटकन दोन पावलं मागं सरले. मग त्यांनीच सगळ्यांना पोहे आणि चहा मागवला, कारण सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. टेम्पोत चढताना आबा एवढंच म्हणाले, "कामाच्या टायमाला बी फोन उचलत जा." सोमनाथ "व्हय आबा" म्हणाला. विहिरीवरच्या मोटारीचं त्यानं काढलं नाही. आबांच्या कानांच्या पाळ्या तेवढ्यानंच लाल झाल्या होत्या.

राहिला कृष्णा. त्याला येत्या रविवारी लासूरला मुलगी बघायला जायचं होतं. "तुझ्यापायी झालंय, तूच चल अन् तूच सांग," म्हणून त्यानं सोमनाथला बरोबर ओढलं. मुलीचं नाव मोनिका. तिच्या वडिलांनी कृष्णाची टोपी बघितली, टोपीखालचं डोकं ओळखलं आणि गंभीर होऊन विचारलं, "कोण वारलं?"

कृष्णाला खोटं बोलता येत नसे. त्यानं शेजारी पोहे खात बसलेल्या सोमनाथकडे बोट दाखवलं.

"हे."

सोमनाथनं बशी खाली ठेवून हात जोडले. चहा घेऊन आलेल्या मोनिकानं ट्रे तिथंच टेकवला आणि ती आत पळाली. आतून जे हसू सुरू झालं ते थांबेना. तिला गप्प करायला आई गेली, तर तीही परत आली नाही. मुलीचे वडील एकटेच सगळ्यांकडे बघत बसले आणि मग सोमनाथला त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, तिजोरीतल्या राउटरपासून.

मंगळवारी लासूरहून होकार आला. लग्न मात्र कृष्णाचे केस वाढेपर्यंत थांबवायचं ठरलं.